आमच्या अध्यक्षांनी न उघडलेलं कुलूप

प्रिय ईरा आणि निहार,

गेल्या आठवड्यात फोनवर निहारने मला विचारलं, "आजी, ते नारिंगी कपडेवाले आजोबा अंधश्रद्धाळू होते ना? देवाच्या भीतीने त्यांनी मुलांचे कॉम्प्युटर घालवले, असं बाबाच्या ग्रुपवर आलंय." मी म्हटलं, नंतर सांगते. तुमच्याकडे सकाळ होती, शाळेची घाई होती, आणि दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. शिवाय जे सांगायचं ते मी एकीला सोडून आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. ते ऐकून जिला वाईट वाटलं असतं ती बाई हयात होती. ती गेल्या पावसाळ्यात गेली. ते स्वतः शिमग्यानंतर गेले. त्यांच्या शोकसभेला मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी भाषणात जे सांगितलं, तेच फिरत फिरत तुमच्यापर्यंत आलं आहे. मी आता गप्प राहिले तर तेच खरं ठरेल. म्हणून लिहिते.

माझी सवय सगळं क्रमाने सांगायची. हा माणूस क्रमात बसत नाही. जन्म, शिक्षण, नोकरी अशा सुरुवातीने लिहायला घेतलं तर कागदावर कोणी तिसराच गृहस्थ उभा राहायला लागला. तेव्हा जसं आठवेल तसं लिहिते, तुम्ही जुळवून घ्या.

तुम्हाला ते एवढ्यापुरतेच आठवत असतील की एका मे महिन्यात निहारची रिमोटवर चालणारी गाडी त्यांनी हातात घेतली, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पाच मिनिटांत तिचे स्क्रू, चाकं, तारा ओटीवर मांडून ठेवल्या. निहार रडायला लागला. ते म्हणाले, "रडतंस कित्याक? गाडी खंय गेली नाय, हयसरच आसा. आता तूच जोड." निहार, तू ती दुपारभर जोडत बसलास आणि जेवायलाही उठला नाहीस. गाडी जोडून झाली तेव्हा ती फक्त मागे जात होती. तरी तू ती विमानात मांडीवर घेऊन गेलास.

सगळं गाव त्यांना 'अध्यक्ष' म्हणत असे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, त्यासुद्धा माडाच्या बागेपलीकडून हाक मारायच्या, "अध्यक्षांनू, जेवूक येतास काय थंयच वायरी चावतास?" त्यांनी उभी हयात बोटीवर काढली होती. बोटीवरची वीज, दिवे, मोटारी, सगळं त्यांच्याकडे असे. निवृत्त होऊन गावी आले ते अंगावर बोटीवरचा नारिंगी बॉयलर सूट घालून, आणि पुढे तोच त्यांचा वेष झाला. धुऊन धुऊन त्याचा रंग नारळाचा रस घातलेल्या सोलकढीसारखा झाला होता. लग्नाला, बारशाला, एकदा तर जिल्ह्याच्या साहेबांच्या बैठकीलाही ते त्यातच गेले. कोणी हसलं तर म्हणायचे, "ह्येका अकरा खिसे आसत. तुमच्या सुटाक किती?"

कोणाच्या घरी गेले की चहा होईपर्यंत त्यांचे हात रिकामे राहत नसत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी स्वयंपाकघरात दूध तापवत होते. बाहेर येऊन पाहते तो माझा मिक्सर ओटीवर उलटा आणि त्याचं पोट उघडं.

"अध्यक्ष, मिक्सर चांगला चालत होता!"

"चलत होतो, वयनी. पण रडत होतो. भायरसून आयकाक येय होता."

त्यांनी तो पुन्हा जोडून चालू केला तेव्हा खरोखरच त्याचा आवाज उतरला होता. पण सगळ्यांच्या बाबतीत असं झालं नाही. वाडीतल्या निम्म्या बायका ते येताना दिसले की मिक्सर कपाटात ठेवत.

आता शाखेचं सांगते. मुंबईत एक मोठी संस्था आहे आणि तिच्या गावोगाव शाखा आहेत. पूर्वी या शाखा व्याख्यानं ठेवायच्या, वाचनालय चालवायच्या. मग संस्थेला वाटलं की आपल्या शाखांनी मुलामुलींना तंत्रशिक्षण द्यावं, आणि तिने त्यासाठी अनुदान द्यायचं ठरवलं. शाखेने अर्ज करायचा आणि वर्ग चालवायचा. संगणक, साधनं आणि वरचा खर्च संस्थेचा. वर्षातून एकदा मुंबईहून माणसं पाहणीला येणार, आणि त्यांचा अहवाल चांगला असेल तरच पुढच्या वर्षाचं अनुदान. आमच्या शाखेचे अध्यक्ष ते होते आणि चिटणीस मी. अर्ज इंग्रजीत लागत. कॉलेजात इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले होते, त्यामुळे ते काम आपोआप माझ्याकडे आलं. ते मालवणीत सांगत, मी इंग्रजीत लिहीत असे, आणि मधल्या मधे आमची भांडणं होत.

"लाभार्थी किती, असं विचारलंय," मी म्हणायचे.

"लाभार्थी म्हणजे कोण?"

"ज्यांना लाभ होतो ते. आपली मुलं."

"मगे पोरां म्हणा. लाभार्थी म्हटलास की कोणीतरी ताट घेवन रांगेत रवल्यासारखा वाटता."

मग मी 'विद्यार्थी' लिहायचे आणि तेवढ्यावर भागायचं.

फोटोंचं तर दर वर्षी होई. मुंबईहून सूचना यायची की फलकासमोर मुलांचे हसरे चेहरे दिसावेत. अध्यक्ष फोटो पाठवायचे ते फक्त हातांचे. सोल्डरिंग करणारे हात, कीबोर्डवरचे हात, एकाच तारेची दोन टोकं धरलेले दोघांचे हात. मी म्हटलं, "अहो, चेहरे मागितलेत." तर म्हणाले, "काम हातांनी केलेला आसा, तोंडा कित्याक दाखवूक व्हयी? आणि तेंका लिवा, आमची पोरां काम करताना हसनत नाय. हसाक लागली की बोट भाजता." मी ते सौम्य करून लिहिलं. पुढे माझ्या लक्षात आलं की वाडीतल्या मुली वर्गाला यायला लागल्या त्याचं एक कारण हे फोटोच होते. मुलीचा चेहरा कुठेतरी मुंबईच्या भिंतीवर लागणार नाही, एवढी खात्री झाल्यावर बापांनी त्यांना पाठवलं.

वर्ग भरायचा रंगपटात. देवळाच्या मागे एक लांबट खोली आहे. पूर्वी दशावताराची मंडळी तिथे बसून तोंडाला रंग लावत. भिंतीवर अजून आरसे आहेत. त्या आरशांखाली टेबलं मांडून संगणक ठेवले होते. मुलगी प्रोग्राम लिहिताना मान वर करायची तर समोर तिचंच तोंड. अध्यक्ष म्हणायचे, बरं आहे, चूक कोणाची ते शोधायला लांब जायला नको.

वर्गाची सुरुवात गाऱ्हाण्याने होई. गाऱ्हाणं म्हणजे आपल्याकडे गावाच्या वतीने देवाला घालतात ते साकडं. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. अध्यक्ष बॉयलर सुटातच हात जोडून उभे राहायचे.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरांच्या हातात तापलेला हत्यार आसा, तेंची बोटां सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काल जो प्रोग्राम चललो नाय, तेच्यात जो कोण घुसलो आसा, तेका शेंडीक धरून भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि मुंबैक जो अर्ज धाडलो आसा, तो वाचूची बुद्धी तेंका दी रे म्हाराजा!"

या वेळचं 'व्हय म्हाराजा' बाजारपेठेपर्यंत ऐकू जाई.

गंमत अशी की त्यांचा या कशावर विश्वास नव्हता. देवळाचे मानकरी गावकर हे त्यांचे बालमित्र. ते चिडवायचे, "तू देवाक मानणस नाय, मगे गाऱ्हाणा कित्याक घालतंस?" अध्यक्षांचं उत्तर ठरलेलं होतं. "पोरांचो आवाज फुटाक व्हयो म्हणान. हयली अर्धी चेडवां पयल्या दिसाक आपला नाव सांगूक लाजत होती. आता आयक." देवाला कौल लावतात, दगडावर चिकटवलेली पाकळी पडली की देव बोलला म्हणतात, त्यावर तर ते उघड म्हणायचे, "वाऱ्यान पडली. देवाचो काय संबंध?" गावकर कानावर हात ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नातवाला वर्गाला पाठवायचे.

तर अशा माणसाला तुमच्या बाबाच्या ग्रुपवर अंधश्रद्धाळू म्हटलं आहे.

आपल्या गावात दर काही वर्षांनी गावपळण होते. तुमच्या बाबाने लहानपणी केली आहे, त्याला विचारा. देवाचा कौल मिळाला की सगळं गाव तीन दिवस तीन रात्री घरं सोडून वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कुत्री, टोपल्यांत कोंबड्या, पिशवीतून डोकं काढणारी मांजरं, कोणीही मागे राहायचं नाही. व्हाळ, म्हणजे वेशीवरचा ओढा, ओलांडून पलीकडच्या काजूच्या बागांत माडाच्या झापांच्या खोपी घालायच्या, तिथेच रांधायचं, भजनं करायची. शेवटी पुन्हा कौल घेऊन गाव आत येतं. तोवर वेशीच्या आत कोणी पाऊल टाकायचं नाही. याचा दिवस कोणाच्या हातात नसतो. त्या वर्षी कौल मिळाला तो नेमका असा, की मुंबईची माणसं पाहणीला यायच्या दिवशी आम्ही सगळे गावाबाहेर असणार.

मी मुंबईला फोन केला. तिकडून विचारलं, "पूर आलाय का?" मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, तारीख बदलता येणार नाही, अनुदानाची बैठक लगेच पुढच्या सोमवारी आहे. अध्यक्षांना सांगितलं तर म्हणाले, "येवंदेत. लॅपटॉप, बॅटऱ्या, सगळा वांगडा घेवन जाव. वर्ग थंय भरवया. वर्ग म्हणजे काय खोली?" मला ते पटलं. मला तेव्हा वाटलं होतं, पाहुण्यांना उलट ते जास्तच आवडेल.

गाव निघायच्या दिवशी सकाळी एक अडचण झाली. वर्गात तन्वी नावाची मुलगी होती, सगळ्यांत हुशार. तिची आजी भागीरथी, आम्ही तिला भागीआजी म्हणायचो, महिनाभर अंथरुणाला खिळली होती. तन्वीचा बाप ट्रॉलरवर, आई घरात एकटी. भागीआजीने भिंतीकडे तोंड फिरवून सांगितलं, "मी येवचंय नाय. मरतलंय तर माझ्या माजघरात मरतलंय. उघड्यार माका मराचा नाय." बाहेर वाडी खोळंबली. नियम म्हणजे नियम, कोणी दार बंद करून आत राहिलं तर गाव बाहेर पडलं असं होत नाही. बायका रागावून झाल्या, गावकर हात जोडून झाले. मी पेज घेऊन गेले होते, मीही इंग्रजी शिकवल्यासारखं काहीतरी समजावलं. ती हलेना.

मग अध्यक्ष आले आणि तिच्या अंथरुणाशी जमिनीवर बसले.

"आये, भय कसला वाटता तुका?"

"माका थंय टाकशात आणि सगळे आपापल्या कामाक जाशात."

"मी तुझ्या बाजूक खोप घालतंय. जंवसर तू भायर आसस, तंवसर मीय भायर. गाव भितर येयपर्यंत मी व्हाळ ओलांडूचंय नाय. काय झाला तरी."

"आणि तुझो तो कंप्युटर?"

"तोय भायर."

तिने भिंतीकडचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. मग वेताच्या खुर्चीत बसायला तयार झाली. अध्यक्ष आणि दुसरा एक गडी, दोघांनी तिला उचलून व्हाळापलीकडे नेलं. वाटेत ती शिव्या देत होती, "मेल्यानू, सावकाश! बोटीवयली पेटी समाजल्यात काय माका?" गाव हसत होतं. तिला काजूखाली खाटेवर निजवलं आणि शेजारी अध्यक्षांची खोप झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईची गाडी व्हाळावरच्या साकवाजवळ थांबली. एक साहेब आणि एक तरुण मॅडम. काजूच्या सावलीत चटया घालून वर्ग चालू होता. मुलांनी खाडीच्या भरतीची वर्दी देणारी एक घंटा बनवली होती, ती बादलीत पाणी ओतून वाजवून दाखवली. मॅडम खूश झाल्या, चटईवर बसल्या, त्यांनी तन्वीला प्रश्न विचारले. साहेबांनीही मान डोलावली. मी मनात म्हटलं, झालं, निभावलं.

मग साहेब म्हणाले, "छान. आता फक्त नोंदणी केलेली जागा आणि तिथले संगणक बघायचे. दहा मिनिटांचं काम."

टेबलांवरचे मोठे संगणक रंगपटातच होते. ते आणणं शक्यच नव्हतं. अध्यक्ष ऑफिसातल्या माणसांशी बोलताना वापरायचे त्या शुद्ध मराठीत म्हणाले, "परवा संध्याकाळी उघडून देतो साहेब. गाव आत गेलं की लगेच."

"आम्हाला आज परत जायचंय. तुम्ही या, कुलूप उघडा, आम्ही फोटो घेतो, अहवाल पूर्ण होतो."

मी पुढे झाले. म्हटलं, "मी चिटणीस आहे, मी येते." साहेब म्हणाले, "अनुदान अध्यक्षांच्या सहीवर आहे. जागा त्यांनीच दाखवावी लागते." माणूस वाईट नव्हता. त्याला नेमून दिलेलं काम तो करत होता.

मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, या मुलांचं पुढचं वर्ष आहे हे. सोमवारनंतर काहीच करता येणार नाही."

सगळी वाडी गोळा झाली होती. सगळ्यांना वाटत होतं की अध्यक्ष जाणार. देवाधर्माची टिंगल करणारा माणूस, त्याला कोण अडवणार? काहींना ते गेलेले हवेही होते, कारण त्यांची मुलं समोर चटईवर बसली होती. भागीआजीची खाट हाताच्या अंतरावर होती. ती उशीवरून मान वळवून बघत होती. अध्यक्षांनी एकदा मुलांकडे पाहिलं. खिशात किल्ली होती, तिच्यावर त्यांचा हात गेलेला मी पाहिला. मग ते साहेबांना मालवणीत म्हणाले, "देवाची आज्ञा नाय."

साहेबांना ते खरं वाटलं नाही. "तुम्ही जग फिरलेले. तुमचा यावर विश्वास आहे?"

"आसा."

गावकर तोंड उघडं टाकून बघत होते. त्यांना राहवलं नाही. "कधीपास्ना रे?"

"कालपास्ना."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, चहा घेतला, आणि गाडी वळली.

दुपारी मी त्यांना व्हाळाच्या काठी गाठलं. ते बॅटरीच्या तारा गुंडाळत होते. मी रागावले होते. म्हटलं, "भागीआजीला शब्द दिलाय, एवढं साहेबांना सांगायचं. त्यांना समजलं असतं."

"म्हातारी आयकत होती, वयनी."

"म्हणून काय?"

"म्हणान काय? 'तुझ्यापायी पोरांचा अनुदान गेला,' ह्या तिका आयकवू? ती उठून चलत घराक गेली असती. नायतर आयुष्यभर नातीच्या तोंडाकडे बघूक लाजली असती."

"आणि देवाचं नाव घेतलंत ते?"

"देवावर घातला की कोण वाद घालणा नाय. आणि तेका काय, सवय आसा." तारांचं वेटोळं खाली ठेवून म्हणाले, "ह्या कोणाक सांगा नको. काकीकय नको."

अनुदान बंद झालं. धार्मिक कारणावरून पाहणीला सहकार्य केलं नाही, अशा अर्थाचं एक वाक्य अहवालात होतं. मी इंग्रजीत लांबलचक पत्र लिहिलं. खरं कारण सोडून त्यात सगळं होतं, त्यामुळे ते पत्र लुळंच राहिलं. काही महिन्यांनी संगणक परत न्यायला टेम्पो आला. ते दुसऱ्या एका शाखेला जाणार होते.

त्या दिवशी अध्यक्षांनी मुलांना बोलावलं आणि सांगितलं की हमालांना हात लावू द्यायचा नाही, सगळं तुम्हीच सोडवायचं. मग पांढऱ्या चिकटपट्ट्या दिल्या. म्हणाले, "जंय हे जातले थंय पण तुमच्यासारखीच पोरां आसतली. तेंका म्हायत व्हया." मुलांनी पट्ट्यांवर लिहून एकेका संगणकाला चिकटवलं. 'ह्या बटण जोरात दाबूचा नाय.' 'पंख्याचा आवाज येता, भियाव नको.' 'ह्येच्या पाठसून मुंगळे जातत, फडको बांध.' तन्वीने तिच्या संगणकावर फक्त स्वतःचं नाव लिहिलं, मग ते नखाने खरवडून काढलं. टेम्पो गेल्यावर आरशांखाली भिंतीवर चौकोनी स्वच्छ ठसे राहिले, बाकीची भिंत सोल्डरिंगच्या धुराने काळपटलेली.

गावाने त्यांना फार बोल लावला असं मी म्हणणार नाही, पण लावला. एका मुलाच्या बापाने त्यांना भर बाजारात अडवलं. "देवाच्या नावान आमच्या पोरांचा नुकसान केलंस. तुका काय, तुझा आयुष्य बोटीर झाला." अध्यक्ष ऐकत उभे राहिले. "खरा आसा," एवढंच म्हणाले. घरी काकींनीही विचारलं असणार. अध्यक्षांनी काय उत्तर दिलं मला ठाऊक नाही. त्यानंतर काकी त्यांना अध्यक्ष म्हणेनाशा झाल्या. त्या त्यांना काहीच म्हणेनाशा झाल्या, नुसतं "जेवण वाढलंय" म्हणत. पुष्कळ दिवसांनी पुन्हा सुरळीत झालं.

त्यांनी वर्ग सोडला नाही. मोडके मोबाइल, बंद पडलेले रेडिओ, पाण्यात पडलेले टॉर्च गोळा करून तेच मुलांपुढे ठेवायला लागले. पण मुलं कमी होत गेली. यंत्रं उघडायला शिकून परीक्षेत गुण मिळत नाहीत, आणि समोर संगणक नसला की आईबापांना तो वर्ग वाटत नाही. पुढे त्यांचा हात थरथरायला लागला. सोल्डरचं टोक जागेवर राहीना. एकदा बोट भाजलं, पण ओरडले नाहीत, मुलांकडे पाहून ओशाळं हसले. मग ते स्टुलावर बसून तोंडाने सांगायचे आणि तन्वी करायची. तो नारिंगी सूट अंगावर मोठा दिसायला लागला होता.

भागीआजी त्या खाटेवरून उठली आणि नंतर बरीच वर्षं जगली, हेही सांगायला हवं. गेल्या वर्षी तिचं शेवटचं दुखणं चालू असताना मी तिच्याजवळ बसले होते. ती अचानक म्हणाली, "माका समाजला होता गो त्याच दिसाक."

"काय?"

"कुलुपाचा. मी काय भैरी आसय? काल माका शबुद दिल्यान आणि आज देवाची आज्ञा! तो आणि देव!" तिला हसताना खोकला आला. "माका उठून 'जा रे मेल्या' म्हणूक येय होता. पण म्हटलंय, रवांदे. एवढा मोठा माझ्यासाठी कोणी केला नव्हता. घोवानय नाय. आणि मी बोललंय असतंय तर तेचा केलेला सगळा फुकट गेला असता." मग म्हणाली, "तेका सांगा नको. तेका वाटता, माका ठावक नाय."

मी सांगितलं नाही. दोघांनीही मला सांगू नका म्हटलं होतं, आणि दोघांची गोष्ट एकच होती.

तुम्ही विचाराल, आजी, तुझ्या मते ते बरोबर होते का? मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांच्या जागी मी असते तर साकव ओलांडून कुलूप उघडलं असतं, आणि परत येऊन भागीआजीची समजूत घातली असती. बारा-पंधरा मुलांचं पुढचं शिक्षण एका बाजूला आणि एका म्हातारीचं मन दुसऱ्या बाजूला, असा हिशेब मला सहज करता येतो. आजही मला वाटतं की माझा हिशेब चुकीचा नाही. पण मी अंथरुणाला खिळेन तेव्हा माझ्या उशाशी कोणी बसावं, असं मला विचारलंत तर मी हिशेब करणाऱ्याचं नाव सांगणार नाही.

शेवटचे काही दिवस ते कुडाळला दवाखान्यात होते. मी भेटायला गेले तेव्हा नाकात नळी होती आणि बोटाला नाडी मोजायचा चिमटा. ते डोळे बारीक करून त्या चिमट्याकडेच बघत होते. मी विचारलं, "काय बघता?" म्हणाले, "वयनी, ह्येचो स्क्रू खंय आसा काय समाजना नाय." दुसरं काही बोलणं झालं नाही. शिमगा संपला आणि दोन दिवसांनी ते गेले. काकींनी त्यांना तोच सूट घातला. भटजी काही म्हणाले तर त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शोकसभेत पाहुणे म्हणाले की ते फार मोठ्या मनाचे, पण श्रद्धेच्या बाबतीत जुन्या वळणाचे होते. तन्वी माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "आजी, सर देव कुठे मानायचे?" तिला मी सगळं सांगितलं, तिथेच, देवळाच्या पायरीवर, सभा चालू असताना. ती पहिली, आणि तुम्ही दुसरे. ती रडली नाही. उठून घरी गेली.

आता जे उरलं आहे ते सांगून थांबते. संस्थेच्या यादीतून आमची शाखा निघाली, ती परत आली नाही. अनुदानही आलं नाही. तन्वी तंत्रनिकेतनात शिकते आणि शनिवारी गावी येते. शनिवारी दुपारी रंगपट उघडतो. मुलं थोडी असतात, काही वेळा दोनच. यंत्रं सगळी मोडकी. तन्वी ती उघडायला शिकवते, त्यांच्यावरचं इंग्रजी मी वाचून दाखवते, आणि दिवेलागणीला आम्ही कुलूप लावून घरी येतो.

तुमची,
आजी